थाइमची बाटली आणि डब्यातला ओवा

मीरा रोडच्या मोठ्या दुकानांत मसाल्यांच्या फळीवर ओरेगॅनो आणि चिली फ्लेक्सच्या शेजारी आता थाइमची छोटी काचेची बाटलीही दिसते. पेणकरपाड्यातल्या घरांतही ती पोचू लागली आहे. कुणाच्या मुलीने पास्ता करायला आणलेली असते, कुणाच्या आखाती देशातून आलेल्या भावाने जातर या अरबी मसाल्याच्या पाकिटाबरोबर आणलेली असते, तर कुणी मोबाइलवर ‘थाइम खा, प्रतिकारशक्ती वाढवा’ असा व्हिडिओ बघून विकत घेतलेली असते. हा लेख मुख्यतः या शेवटच्या वाचकांसाठी आहे. खोकला, अपचन, जंतुसंसर्ग, रक्तदाब, लोहाची कमतरता अशा बऱ्याच गोष्टींवर थाइम चालतं, असं सांगितलं जातं. त्यातलं किती खरं, किती आपल्या कामाचं, आणि त्यासाठी ती बाटली घ्यायला हवी का, हे नीट समजून घेऊ.

थाइम हे भूमध्य समुद्राच्या काठावरचं बुटकं, बारीक पानांचं झुडूप. वनस्पतिशास्त्रातलं त्याचं नाव थायमस वल्गॅरिस, कुळ तुळशीचं आणि पुदिन्याचं. त्याचा वास आणि त्याचे बहुतेक गुण ज्या द्रव्यामुळे येतात त्याला थायमॉल म्हणतात. कास्पर नॉयमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १७१९ मध्ये ते थाइमच्या तेलातून वेगळं काढलं आणि १८५३ मध्ये लालमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याला हे नाव दिलं. आता हीच पांढरी, स्फटिकासारखी वस्तू तुमच्या काष्ठौषधीच्या दुकानात पिढ्यान्‌पिढ्या मिळते. तिथे तिला ओव्याचं फूल म्हणतात. कापूर, पुदिन्याचा अर्क म्हणजे मेंथॉल आणि ओव्याचं फूल हे तीन कोरडे पदार्थ बाटलीत एकत्र ठेवले की आपोआप पातळ होतात; आजीच्या कपाटातली अमृतधारा ती हीच.

म्हणजे थाइमचा जो मुख्य गुण, तो आपल्या मिसळणाच्या डब्यातल्या ओव्यात आधीपासून आहे, आणि भरपूर आहे. सुकवलेल्या थाइममध्ये साधारण एक ते अडीच टक्के सुगंधी तेल निघतं. ओव्यात ते दोन ते चार टक्के असतं, आणि त्यातला साधारण अर्धा भाग थायमॉलचा. पहिल्या महायुद्धाच्या आधी जर्मनीतले कारखाने औषधी थायमॉल बनवायला हिंदुस्थानातून ओवा मागवत असत. युद्धात तो व्यापार तुटला, युरोपात थायमॉलची टंचाई झाली आणि मग ते इथेच काढण्याचे प्रयत्न सुरू झाले. युरोपातल्या कारखानदारांना थायमॉलसाठी आपला ओवा परवडत होता, ही गोष्ट महागडी बाटली हातात घेताना जरूर आठवावी.

ओवा कुळाने थाइमचा कुणी लागत नाही. तो कोथिंबीर, जिरं, बडीशेप यांच्या घरातला. थाइमचं खरं नात्यातलं झाड आपल्या खिडकीच्या ग्रिलमध्ये आहे: पानओवा, म्हणजे ओव्याच्या पानांची भजी ज्याची करतो ते जाड, लवदार पानांचं झाड. कोलियस अँबोइनिकस हे त्याचं शास्त्रीय नाव. तेही तुळशीच्याच कुळातलं, आणि त्याच्या तेलात कार्व्हाक्रॉल आणि थायमॉल ही दोन्ही द्रव्यं असतात. कार्व्हाक्रॉल हे थायमॉलचं सख्खं भावंड, ओरेगॅनोला वास येतो तो त्याचा. त्रिनिदादमध्ये आणि वेस्ट इंडिजच्या इतर बेटांवर हेच झाड ‘स्पॅनिश थाइम’ म्हणून मासळीच्या हिरव्या वाटणात घालतात. त्यामुळे पुढे मी थाइमबद्दल जे सांगेन ते बहुतांशी या तिघांनाही लागू आहे. जिथे फरक आहे तिथे तो सांगेन.

आता फायद्यांकडे येऊ, आणि सुरुवात अशा फायद्याने करू ज्याची जाहिरात कुणी करत नाही.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. पाच ग्रॅम म्हणजे चहाचा सपाट एक चमचा, आणि त्यात भाजी, आमटी, भाकरी, लोणचं, पापड, वेफर, सुकी मासळी सगळं आलं. आपल्यापैकी बहुतेकांचं ताट हा आकडा ओलांडतं. भाईंदरची मिठागरं, उत्तनची वाळवलेली मासळी, घरचं लोणचं, या पट्ट्यातल्या जेवणात मीठ हाताशी असतंच. डॉक्टरांनी रक्तदाबासाठी मीठ कमी करायला सांगितलं की जेवण अळणी लागतं आणि आठवड्याभरात माणूस पुन्हा जुन्या चवीवर येतो. इथे तीव्र वासाच्या वनस्पती खरोखर मदत करतात. थालीपिठात, भाकरीच्या पिठात, उकडलेल्या बटाट्यात, मासळीच्या मॅरिनेशनमध्ये ओवा किंवा थाइम, सोबत लसूण आणि शेवटी लिंबू, एवढं असलं तर मीठ एक तृतीयांश कमी केलं तरी जीभ तक्रार करत नाही. थाइमने रक्तदाब उतरतो असे जे दावे केले जातात ते प्रामुख्याने उंदरांवरच्या प्रयोगांवर उभे आहेत. मीठ कमी केल्याने तो उतरतो, हे मात्र माणसांवर वारंवार सिद्ध झालं आहे. माझ्या मते स्वयंपाकातल्या थाइमचा सर्वांत मोठा आरोग्यलाभ हाच आहे. तो द्रव्यातून थेट येत नाही, सवयीतून येतो, म्हणून कुणाला सांगावासा वाटत नाही.

यातही एक खाचखळगा आहे. जेवणानंतर ओवा खायची सवय असलेले बरेच जण तो काळ्या मिठात भिजवून वाळवलेला खातात. बाजारातल्या चटकदार ओवागोळ्यांतही मीठ असतं, आणि हिंगाष्टक चूर्णात सैंधव हा आठांपैकी एक घटकच आहे. सैंधव काय, काळं मीठ काय, दोन्ही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी साधा, हलका भाजलेला ओवा खावा.

खोकल्याची बाजू थोडी भक्कम आहे. जर्मनीत थाइमचा अर्क खोकल्याच्या औषधांत फार पूर्वीपासून वापरतात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तीव्र ब्राँकायटिसच्या ३६१ रुग्णांना थाइम आणि आयव्हीच्या पानांच्या अर्काचं सिरप किंवा तशाच चवीचं औषधविरहित सिरप दिलं गेलं. आठवड्याभराने खोकल्याच्या उबळी औषध घेणाऱ्यांमध्ये सुमारे ६९ टक्क्यांनी कमी झाल्या, तर औषधविरहित सिरप घेणाऱ्यांमध्ये सुमारे ४८ टक्क्यांनी. या आकड्यांतून दोन्ही गोष्टी वाचाव्यात. फरक पडला, हे खरं. पण काहीच औषध न घेतलेल्यांचाही खोकला जवळपास निम्म्यावर आला होता, कारण असा खोकला बहुतेकदा आपणहून बरा होतो. शिवाय तो मोजूनमापून बनवलेला अर्क होता, आणि त्यात दुसरी वनस्पतीही होती.

घरी काढा करायचा तर युरोपीय औषध संस्थेचं प्रमाण डोळ्यांसमोर ठेवावं. सर्दीबरोबरच्या कफाच्या खोकल्यासाठी एक ते दोन ग्रॅम सुकं थाइम कपभर उकळत्या पाण्यात, दिवसातून तीन-चार वेळा, असं ती सांगते. त्यांची नोंदही स्पष्ट आहे: ही शिफारस परंपरागत वापराच्या आधारावर आहे, आणि आठवड्याभरात उतार पडला नाही तर डॉक्टरांकडे जायचं. पानओव्याची दोन-तीन पानं कुस्करून त्याच पद्धतीने घेता येतात. पातेल्यावर झाकण मात्र ठेवा. थायमॉल वाफेबरोबर उडून जातं, आणि ‘घरभर काय छान वास सुटला’ असं आपण म्हणतो तेव्हा काढ्यातला मुख्य भाग हवेत गेलेला असतो. गॅस बंद करून, पानं घालून, झाकून दहा मिनिटं ठेवलं की पुरे. गोडीला मध चालेल, पण एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात देऊ नये. त्यातल्या बॉट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू त्या वयाच्या आतड्यात वाढू शकतात.

आणि दोन आठवड्यांच्या वर टिकलेल्या खोकल्याला कोणताही काढा हे उत्तर नाही. दाट वस्तीच्या आपल्या भागात क्षयरोग ही दूरची गोष्ट नाही. थुंकीची तपासणी आणि पुढचे उपचार सरकारी कार्यक्रमातून मोफत होतात, महापालिकेच्या आरोग्य केंद्रात विचारा. वजन उतरत असेल, संध्याकाळी बारीक ताप येत असेल, थुंकीत रक्त दिसलं असेल, तर दोन आठवडे थांबायचंही कारण नाही.

पोटाकडे वळलं की मराठी घराला ओव्याबद्दल काही शिकवण्याची गरज उरत नाही. भावप्रकाशात यवानी या नावाने ओवा भूक लावणारा आणि पचवणारा म्हणून सांगितला आहे. घरांनी तो अनुभवाने नेमक्या जागी बसवला आहे: बेसनाच्या भज्यांत, शेवेत, कडबोळ्यांत, गवारीच्या भाजीत, वालात, म्हणजे जिथे जिथे पोट फुगण्याची शक्यता आहे तिथे. बाळंतिणीच्या सुपारीत बडीशेप, बाळंतशोपा, तीळ, खोबरं यांच्या जोडीला तो असतो. आधुनिक संशोधनातही ओव्याच्या आणि थाइमच्या तेलाने आतड्याचे स्नायू सैल पडतात असं दिसलं आहे, मात्र ते बहुतांशी प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर. माणसांवरचे मोठे अभ्यास फार थोडे आहेत. तरी जेवणानंतर पाव चमचा ओवा चावून पोटाला बरं वाटत असेल तर तो खाण्यात काहीही गैर नाही. वाढलेल्या आम्लपित्ताचा किंवा अल्सरचा त्रास असणाऱ्यांना मात्र त्याने जळजळ वाढू शकते. त्यांनी तो भाजीतच राहू द्यावा.

इथे एक गोष्ट मला सगळ्यांत जोर देऊन सांगायची आहे. छातीत दुखतंय, ‘गॅस झाला असेल’ म्हणून ओवा आणि गरम पाणी घेऊन माणूस पडून राहतो, आणि उपचारांचा मोलाचा पहिला तास निघून जातो. असं आपल्या आसपास अनेक घरांत झालेलं आहे. छातीवर दाब आल्यासारखं वाटणं, दुखणं हातात, खांद्यात, पाठीत किंवा जबड्यात जाणं, घाम फुटणं, दम लागणं, मळमळणं, यांपैकी काहीही नव्याने जाणवलं तर ओव्याचा डबा उघडू नका. १०८ क्रमांकावर फोन करा किंवा जवळ ईसीजी होईल अशा रुग्णालयात ताबडतोब पोचा. मधुमेही माणसांत आणि स्त्रियांत हृदयविकाराचा झटका नुसत्या पोटाच्या वरच्या भागातल्या अस्वस्थतेनेही येतो, म्हणून त्यांच्याबाबतीत तर अधिक सावध राहायला हवं. निदान गॅसचंच निघालं तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

‘जंत मरतात’ हा दावा गमतीशीर आहे, कारण तो एकेकाळी खरा होता. १९०९ ते १९१४ या काळात अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत रॉकफेलर आयोगाने आकडीकृमीविरुद्ध मोठी मोहीम चालवली आणि तिचं मुख्य औषध होतं थायमॉल. मोठ्या माणसाला साधारण ४ ग्रॅम शुद्ध थायमॉल दोन भागांत देत आणि मग जुलाबाचं औषध. त्या दिवशी तेल, तूप आणि दारू यांना सक्त मनाई असे, कारण स्निग्ध पदार्थात किंवा मद्यात थायमॉल विरघळतं, रक्तात जास्त शोषलं जातं आणि रोग्याच्या जिवावर बेतू शकतं. आता हिशेब करा. चहाच्या एका चमच्यात साधारण दोन ग्रॅम ओवा मावतो. त्यातलं तेल तीन टक्के धरलं तर ६० मिलिग्रॅम, आणि थायमॉल त्याच्या निम्मं, ३० मिलिग्रॅम. चार ग्रॅम गाठायला सव्वाशेपेक्षा जास्त चमचे ओवा लागेल. एका चमच्याने जंत पडत नाहीत, आणि पडतील एवढी मात्रा घेणं धोक्याचं आहे. नंतर थायमॉलच्या जागी कमी घातक औषधं आली. मुलांच्या जंतांसाठी आज अल्बेंडाझोल आहे. राष्ट्रीय जंतनाशक दिनाच्या मोहिमेत १ ते १९ वर्षांच्या मुलांना ही गोळी अंगणवाडीत आणि शाळेत मोफत मिळते. आपल्या मुलाला ती मिळाली का, एवढं विचारा.

जंतुनाशक म्हणून थायमॉलचा दबदबा अजून आहे, पण तो पोटाबाहेर. १८७९ मध्ये अमेरिकेत तयार झालेल्या लिस्टरिन या गुळण्यांच्या औषधात ते आजही आहे. पुराभिलेखागारांत बुरशी लागलेल्या जुन्या कागदांना बंद कपाटात थायमॉलची धुरी देण्याची पद्धत होती. आपल्याकडच्या कित्येक दप्तरांना ती दिली गेली आहे. प्रयोगशाळेच्या बशीतल्या जंतूंवर थाइमचं तेल मारक ठरलं, अशी बातमी वाचली की हा संदर्भ लक्षात ठेवावा. बुरशी मारणारी वस्तू भाजीतल्या चिमटीच्या मात्रेत शरीरातला संसर्ग बरा करेल असं त्यातून निघत नाही. तोंड आलं, घसा खवखवतो, तर ओव्याच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करायला हरकत नाही. ताप आणि घशात पांढरे ठिपके असतील तर घसा डॉक्टरांना दाखवावा.

जीवनसत्त्वं आणि लोह यांची बेरीज तर बाटलीवरच्या लेबलने आपल्याला फसवते. ताज्या थाइमच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे १६० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, लिंबापेक्षा कितीतरी जास्त. पण भाजीत आपण ग्रॅमभर घालतो, म्हणजे दीड मिलिग्रॅम, आणि शिजवताना त्यातलंही काही जातं. वरून पिळलेली लिंबाची फोड अधिक देते. सुक्या थाइममध्ये लोह खरोखर खूप आहे, एका ग्रॅममध्ये एक मिलिग्रॅमहून थोडं अधिक. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह हवं असं म्हटलं आहे, आणि वनस्पतीतलं लोह फार थोडं अंगी लागतं. हिमोग्लोबिन कमी असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घ्या. आहारात पालेभाज्या, कडधान्यं, बाजरी, जमत असेल तर मासळी-मटण घ्या, आणि जेवणाला जोडून चहा घेऊ नका.

हे सगळं जेवणातल्या मात्रेबद्दल झालं. त्या मात्रेत थाइम, ओवा आणि पानओवा हे तिन्ही जवळपास सगळ्यांना चालतात, गरोदर स्त्रियांनाही. धोका सुरू होतो तो अर्क, तेल आणि कॅप्सूल यांच्यापासून. थाइमचं सुगंधी तेल थेंब-थेंब पाण्यात टाकून प्या, असं सांगणारे संदेश फिरतात. ते ऐकू नका. तेलाच्या एका थेंबात कित्येक चमचे पानांचं द्रव्य एकवटलेलं असतं आणि ते तोंडाची, अन्ननलिकेची त्वचा पोळवतं. गरोदरपणात, लहान मुलांना, यकृताचा विकार असलेल्यांना तर ते कधीच देऊ नये. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन घेणाऱ्यांनी थाइमचा काढा रोज सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावं, कारण सुक्या थाइममध्ये के जीवनसत्त्व भरपूर असतं आणि त्याचं प्रमाण एकाएकी बदललं तर औषधाचा परिणाम बदलतो. पुदिना, तुळस, ओरेगॅनो यांची ॲलर्जी असणाऱ्यांना थाइमचीही असू शकते. ओव्याच्या बाबतीत तशीच शंका धणे, बडीशेप, सेलरी यांच्यावरून घ्यावी.

बाळाच्या पोटलीबद्दल स्वतंत्र बोलायला हवं. ओवा तव्यावर गरम करून, सुती कापडात बांधून, आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहून, कोमट असताना बाळाच्या छाती-पाठीवर कपड्यावरून हलकेच टेकवणं, हा शेक सौम्य आहे. त्याने बाळ शांत झोपलं तर चांगलंच. पण त्या पोटलीत कापूर घालू नका. कापूर बाळाच्या नाकातून आणि त्वचेतून शोषला जातो, चुकून पोटात गेला तर थोड्या मात्रेतही आकडी येते. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत कापूर, लवंग, ओवा आणि निलगिरीच्या तेलाची पोटली हुंगल्याने ऑक्सिजन वाढतो, असा निरोप घराघरांत पोचला होता. तो साफ खोटा होता. नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, ऑक्सिजनचा आकडा मात्र त्याने हलत नाही. पोटली गळ्यात किंवा पाळण्यात बांधून ठेवू नका, दोरा आणि सुटलेले दाणे दोन्ही धोक्याचे. बंद खोलीत बाळ-बाळंतिणीला ओवा-शोपाची धुरी देण्याची पद्धत अजून काही घरांत आहे. छोट्या फुप्फुसांना धूर हा धूरच, तो ओव्याचा असला तरी. आजी ज्या मायेने ती धुरी देते ती मी जाणून आहे. तिला शेगडी उचलायला सांगण्यापेक्षा मालिशीचं आणि शेकाचं काम द्यावं, तिचं मनही राखलं जातं. चुकून एखाद्या मुलाने कापूर, ओव्याचं फूल किंवा सुगंधी तेल गिळलंच तर उलटी करवू नका, तडक रुग्णालय गाठा. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा मोफत क्रमांक फ्रिजवर लिहून ठेवण्यासारखा आहे.

आता स्वयंपाक. थायमॉल पाण्यात जेमतेम विरघळतं, तेला-तुपात चटकन. म्हणून ओव्याची जागा फोडणीत किंवा मोहन घातलेल्या पिठात आहे, हे आपल्या बायकांनी रसायनशास्त्राशिवाय ओळखलं होतं. फोडणीत तो शेवटी घाला, तडतडला की लगेच भाजी टाका. काळा झालेला ओवा कडू लागतो. पिठात घालताना तळहातावर चोळून घाला. सुकं थाइम उलट आहे, ते मंद आचेवर मुरायला वेळ घेतं, त्यामुळे टोमॅटोच्या सारात, मशरूममध्ये, भाजलेल्या बटाट्यात सुरुवातीलाच घालावं. ताजं थाइम असेल तर सुक्याच्या तिप्पट. परदेशी पाककृतीत एक चमचा सुकं थाइम लिहिलं असेल आणि घरात नसेल तर पाव चमचा ओवा भरडून घाला. त्याहून जास्त घातला तर बाकी सगळ्या चवी झाकल्या जातात.

पानओव्याची फक्त भजी करायची, हा आपला दंडक मोडायला हवा, कारण तळणीत आरोग्याचा हिशेब उलटा होतो. सीमेपलीकडे कारवारकडे आणि कानडी घरांत या पानांची तंबळी करतात: सात-आठ पानं थेंबभर तुपात जिरं-मिरीबरोबर परतायची, ओल्या खोबऱ्याबरोबर वाटायची आणि ताकात कालवायची. ती उकळायची नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात गरम भाताबरोबर याहून चांगलं काही नाही. पापलेट किंवा बांगड्याला पानओवा, लसूण, हिरवी मिरची, लिंबू यांचं वाटण लावून तव्यावर थोड्या तेलात भाजा. डाळीच्या धिरड्यात, मुलांच्या पराठ्यात पानं बारीक चिरून घाला. मुगाच्या खिचडीत दोनच पानं टाका, पण टाकाच.

विकत घेताना ओवा सबंध घ्या, पूड घेऊ नका. खानदेशात नंदुरबारकडे तो पिकतो, बराचसा राजस्थान-गुजरातेतून येतो. दाणा हिरवट-करडा, रेघांचा असावा. दोन बोटांत चोळल्यावर वास नाकात घुसला पाहिजे. धुळकट वास आला तर तो ठेवून ठेवून गेलेला आहे. अजमोदा दिसायला तसाच पण वेगळा, तेव्हा नाव सांगूनच मागा. काचेच्या बंद बाटलीत, शेगडीपासून दूर ठेवा. मीरा-भाईंदरच्या खाडीकाठच्या दमट हवेत पावसाळ्यात सगळंच सादळतं, म्हणून एका वेळी शंभर ग्रॅमपेक्षा जास्त भरून ठेवू नका. थाइमच्या बाटलीलाही हाच नियम: उघडल्यापासून सहा महिन्यांत संपवा.

पानओवा लावायला तर फक्त शेजारणीकडची एक फांदी लागते. वीतभर फांदी तोडून खालची पानं काढा, दिवसभर सावलीत सुकू द्या आणि माती, वाळू, कंपोस्ट सारख्या भागांत मिसळून कुंडीत खोचा. दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात. अर्धा दिवस ऊन मिळणारं कोणतंही ग्रिल चालतं. वरचे शेंडे खुडत राहिलात तर झाड पसरट होतं. कुणी फांदी म्हणून पानफुटी हातात ठेवली तर ओळखा: पानफुटीचं पान गुळगुळीत आणि बिनवासाचं, पानओव्याचं लवदार, आणि नुसता हात लागला तरी ओव्याचा वास देणारं.

थाइमचं रोप हौसेने आणणार असाल तर ऑक्टोबरच्या शेवटी आणा. त्याला कोरडी हवा आणि कडक ऊन आवडतं, आपल्याकडे ते दिवाळीपासून मार्चपर्यंतच मिळतं. मातीत निम्मी वाळू घाला, माती वरून बोटभर कोरडी झाल्याशिवाय पाणी घालू नका. जूनमध्ये कुंडी पागोळीखालून आत घ्या, नाहीतर पहिल्या पंधरवड्यातच मुळं कुजतात. त्याआधी, मे महिन्यात, वरच्या दोन तृतीयांश फांद्या कापून सावलीत पंख्याखाली वाळवा आणि काडीवरून पानं ओरबाडून बाटलीत भरा. पावसाळाभर पुरेल एवढं थाइम त्यातून निघतं.